वाढवायला दिलेली माणसे

आमच्या शाळेतील चित्रकलेचे सर मृत माणसांविषयी बोलताना भूतकाळ वापरत नसत. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होतो. मी रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. लातूरच्या बसस्थानकावर आम्ही दोघे उभे असताना मुरुडच्या एक बाई सरांना भेटल्या. सरांनी नमस्कार केला आणि अगदी सहज सांगितले, की तुमच्या यजमानांना आता जवळचे दिसत नाही, पुढच्या खेपेला चष्मा देऊन टाकू. बाईंनी कृतज्ञतेने मान हलवली. चष्म्याची काडी काळी असावी की सोनेरी, यावर दोघांची थोडी चर्चा झाली. मग बस आली आणि बाई गेल्या. यजमान काय करतात, असे मी सरांना विचारले.

"काही नाही," सर म्हणाले. "वारले ते. मी नोकरीला लागलो, त्याच्याही आधी."

हे समजण्यासाठी सरांच्या कामाची पद्धत आधी नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे घरातील माणूस गेले, की त्याचा हाती लागेल तो फोटो मोठा करून भिंतीवर लावतात. बहुधा तो एखाद्या ओळखपत्रावरचा असतो, किंवा लग्नाच्या गर्दीतून कापून काढलेला. भिंतीवर गेल्यानंतर त्या माणसाचे वय थांबते. खाली वावरणारी माणसे मात्र थांबत नाहीत. एका घरी साठीला आलेला मुलगा पंचविशीतल्या बापापुढे उदबत्ती लावताना मी स्वतः पाहिला आहे. त्या दृश्यात काही विपरीत आहे, हे तिथे कुणाच्या ध्यानातही नव्हते. सरांना मात्र ते असह्य होत असे. फोटोवरून तैलचित्र करून द्या, म्हणून कुणी आले, की ते चित्र करून देत, पण फोटोतल्या वयाचे नाही. तो माणूस आज असता तर ज्या वयाचा असता, त्या वयाचे. आणि दोन-तीन वर्षांनी ते चित्र पुन्हा त्यांच्याकडे आणावे लागे. मग सर त्यावर मधली वर्षे चढवून देत. या कामाला लोकांनीच नाव दिले होते, वाढवणे. ‘आमचे अण्णा सरांकडे वाढवायला दिलेत,’ असे शिरूर अनंतपाळच्या बाजारात कुणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नसे.

ही चित्रे चादरीत गुंडाळून एसटीने येत-जात. मुरुडच्या त्याच बाई यजमानांना खिडकीची जागा देत आणि स्वतः आत बसत. एकदा कंडक्टरने गमतीने विचारले, की यांचे तिकीट पूर्ण काढू की अर्धे. सर मागच्या आसनावर होते. त्यांनी जराही न हसता सांगितले, "अर्धं. गेल्या वर्षीपासून त्यांना ज्येष्ठांची सवलत लागते."

कोणतेही चित्र हाती घेण्याआधी सर त्या घरी एक पूर्ण दिवस काढत. त्या दिवशी ते काहीच रेखाटत नसत. नुसते नातेवाइकांकडे पाहत बसत. केस तुमच्याकडे कानशिलावरून पिकतात की भांगातून, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. मग दात, मग पोक, मग मान. चेहरा वाढायचा थांबला तरी नाक आणि कान थांबत नाहीत, ते आयुष्यभर लांबत राहतात, हे मी विज्ञानाचा शिक्षक असून मला त्यांनीच प्रथम दाखवले. "बापाचे कान बघा," ते म्हणत, "म्हणजे मुलगा कुठे निघालाय ते कळतं." माणूस बसतो कसा, कोणत्या हाताने कप धरतो, रागावला की बोलतो की गप्प होतो, हे सगळे ते विचारून घेत. मात्र माणूस गेला कशाने, हे त्यांनी कुणाला विचारल्याचे मला आठवत नाही.

तैलरंगाचा एक गुण त्यांच्या फार उपयोगी पडे. हा रंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आतून कितीतरी महिने ओला असतो. पाण्याच्या रंगाप्रमाणे तो वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत तो घट्ट होतो. मी हे त्यांना रसायनशास्त्राच्या भाषेत समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे श्वास घेतो म्हणा की." त्यानंतर ते चित्र भिंतीला अगदी चिकटवून टांगू देईनासे झाले. मागे हवा खेळायला जागा ठेवा, असे घरोघर बजावू लागले.

चित्रे विलक्षण शांत असत. कुणी सुपात ज्वारी निवडत आहे, कुणी गुडघ्यावर घडी केलेले वर्तमानपत्र ठेवून बसले आहे, कुणी बाई न्हाऊन केस मोकळे सोडून उन्हाकडे पाठ करून उभी आहे. एकाच्याही चेहऱ्यावर काळजीची रेघ नसे. वय वाढे, सुरकुत्या वाढत, पण ती रेघ येत नसे. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, "त्यांना कशाची काळजी असणार? जे व्हायचं ते होऊन गेलंय." आणखी एक गोष्ट माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. त्यांची माणसे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत नसत. ती पाहणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून, किंचित मागे पाहत. त्यामुळे चित्रापुढे उभा राहिलेला माणूस थोड्या वेळाने मागे वळून पाही. मीही अनेकदा वळलो आहे. मागे कधीच कुणी नसे.

निवृत्तीनंतर ते शिरूर अनंतपाळला आपल्या घरी एकटे राहत. वाढवायला आलेली चित्रे खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली असत. त्यांच्या मधून जाताना सर अंग चोरून जात. चहाचा कप घेऊन मी एकदा तिथल्या खुर्चीवर बसू लागलो, तेव्हा त्यांनी मला हलकेच थांबवले. "तिथे नको. तिथे बसलात तर त्यांच्या आड याल." कोणाच्या, हे मी विचारले नाही. मी पायरीवर जाऊन बसलो. खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरून होता. आपण जेवणात जवसाची चटणी खातो, ते हेच जवस. तरीही त्या दिवसापासून मला ती चटणी खाताना उगाच शांत बसावेसे वाटते.

जिवंत माणसाचे चित्र ते कधीही काढत नसत. आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभासाठी त्यांचे तैलचित्र करावे, असे सर्वांचे मत पडले. मुख्याध्यापक स्वतः इस्त्रीचा कोट घालून चित्रकलेच्या खोलीत आले. सरांनी त्यांच्या कानांकडे बराच वेळ पाहिले आणि नम्रपणे विचारले, "सर, इतकी घाई काय आहे?" मुख्याध्यापक कोट काढून हातात घेऊन परत गेले. समारंभाला शाल आणि श्रीफळ देण्यात आले.

नांदेडला या चित्रांचे प्रदर्शन भरले ते सरांच्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे. घरोघरी लावलेली चित्रे एकत्र पाहायला मिळावीत, असे त्यांना वाटत होते. सरांनी फार दिवस होकार दिला नाही. ‘त्यांची एकमेकांशी ओळख नाही,’ हे त्यांनी दिलेले कारण होते. अखेर तयार झाले, तेव्हा चित्राखालच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात हव्यात, अशी अट घातली. चिठ्ठीवर नाव नको, जन्म-मृत्यू नको, फक्त आजचे वय. मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो: वय एकोणसत्तर. वय बावीस. वय चौतीस. त्या माणसांपैकी कुणीही ते वय पाहिलेले नव्हते, हे त्या दालनात फक्त आम्हाला आणि घरच्यांना ठाऊक होते.

लोक पुष्कळ आले. ही माणसे पाहून मन निवते, अशा अर्थाचे एका स्थानिक वर्तमानपत्राने लिहिले. पण दालनात कुणी मोठ्याने बोलत नव्हते, आणि जो तो थोड्या वेळाने मागे वळून पाहत होता. दारात उभा राहून मी हे पाहत असे. गर्दीत एकामागून एक मान वळत जाई.

शेवटच्या दिवशी घरची मंडळी आपापली चित्रे न्यायला आली. हदगावजवळच्या एका खेड्यातील आई सकाळीच पोहोचली होती. तिचा मुलगा म्हणजे ‘वय चौतीस’. बारावीत दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तो घरातून गेला. पैनगंगेच्या काठावर त्याचा शर्ट आणि चपला सापडल्या. नदीला पूर होता. देह मिळाला नाही. वडीलधाऱ्यांनी वाट पाहायला सांगितले, आणि वाट पाहून झाल्यावर रीतीप्रमाणे गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. त्यानंतर ती सरांकडे आली. चित्रातला मुलगा तिच्या घरातच, खिडकीजवळ बसलेला होता. स्वच्छ शर्ट, भरलेले गाल, कानशिलावर नुकतेच दोन पांढरे केस. मधल्या काळात त्याचे वडील वारले, तेव्हाही ती मला म्हणाली होती, की लेक समोर होता म्हणून निभावले. दालनात ती चित्राशेजारी खुर्ची घेऊन भाकरीचे फडके मांडीवर ठेवून बसली होती.

दुपारी एक माणूस आत आला. केस बरेच गेलेले, गाल बसलेले, डाव्या कानाखाली मानेपर्यंत भाजल्याचा जुना चट्टा. त्याने इतर कोणत्याही चित्राकडे पाहिले नाही. खिडकीजवळ बसलेल्या त्या तरुणापुढे तो उभा राहिला आणि उभाच राहिला. मग खाली बसून त्याने त्या आईच्या पायांवर डोके ठेवले.

हैदराबादला एका बेकरीत भट्टीवर तो काम करत होता. प्रदर्शनाची छायाचित्रे कुणीतरी मोबाइलवर पाठवली. त्यातली खिडकी त्याने आधी ओळखली, कोनाडा ओळखला, आणि मग बापाचे कान लावून आपल्या जागेवर बसलेला तो माणूस कोण, हे त्याच्या ध्यानात आले. नदीवर तो मरायलाच गेला होता, असे त्याने आम्हाला पुढे सांगितले. तेवढी हिंमत झाली नाही. आणि घरी परत जायला तोंड राहिले नाही, म्हणून बनियनवरच सडकेला लागला.

आईने पाय मागे घेतले. ती घाबरलेली नव्हती. तिने त्याच्याकडे नीट पाहिले, मग चित्राकडे पाहिले.

"उठा, बाबा," ती म्हणाली. "माझा लेक असा न्हाई. ह्यो बगा, ह्यो हाय माझा लेक."

त्याने लहानपणच्या खुणा सांगितल्या. गावातही सगळ्यांना ठाऊक असलेल्या त्या खुणा होत्या. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, की जमिनीसाठी माणसं कायबी पाठ करून येतात. मग तो सरांकडे वळला. या माणसाला खरे काय ते सांगता येईल, असे त्याला वाटले असावे.

सर त्याच्याभोवती एक फेरी फिरले. मुख्याध्यापकांच्या कानांकडे पाहिले होते तसे त्याच्या कानांकडे पाहिले. चित्रातले कान अगदी बरोबर आले होते, हे मलाही दिसत होते. पण सरांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते.

"तोच आहे," ते आईला म्हणाले. "पण चित्रही चुकलेलं नाही. हा घरी राहिला असता, तर असाच झाला असता."

"मग मी कोण हाय, सर?" त्या माणसाने विचारले.

आई चित्र चादरीत गुंडाळू लागली. दालनात त्या वेळी बरीच मंडळी होती, आणि का ते मला अजूनही सांगता येत नाही, पण त्यांच्यातील एकही जण त्या जिवंत माणसाकडे पाहत नव्हता. सगळे चित्राकडे पाहत होते.

तो गावी गेला. चुलतभावाने त्याला आवाजावरून ओळखले, हळूहळू गावानेही ओळखले. आईने त्याला हाकलले नाही. ओसरीवर अंथरूण दिले, पाहुण्याला वाढावे तसे पहिले ताट त्याला दिले, आणि ‘अहो’ म्हणूनच त्याच्याशी बोलत राहिली. तो आत येऊन जेवू लागला, की चित्राकडे पाठ होईल असा बसे. एकदा तो शिरूर अनंतपाळला येऊन सरांना म्हणाला, की मला त्या चित्रात आणा. केस कमी करा, गाल बसवा, म्हणजे तिला मी दिसेन. सरांनी नकार दिला. तो म्हणाला, "मी एवढ्यात तसा शर्ट शिवून घेतलाय, सर. तसाच खिडकीत बसून राहतो कवा कवा. तवा ती जरा बगते माझ्याकडं." तो गेल्यावर सरांनी मला फोन केला. "मी त्याची जागा भरून टाकली," ते म्हणाले. "आता तो जागा मिळावी म्हणून चित्र व्हायला निघालाय."

चित्र वाढवायची वेळ आली, तेव्हा सरांनी ते मागवून घेतले नाही. रंगांची पेटी घेऊन ते स्वतः निघाले आणि मला बरोबर घेतले. आम्ही दुपारच्या सुमारास पोहोचलो. आईने चित्र उतरवून पाटावर उभे केले, सरांना चहा दिला आणि शेजारी बसली. सरांच्या घरीही ती दरवेळी अशीच बसत असे. तो माणूस ओसरीवर होता. अंगात चित्रातल्यासारखाच शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. आम्ही आत शिरलो, तेव्हाही त्याने मान वळवली नव्हती. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी लागली होती. मी थांबलो होतो, पण या वेळी वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नव्हते.

सरांनी पांढऱ्या केसांना हात लावला नाही. त्यांनी कुंचला मातकट लाल रंगात बुडवला, दारातून ओसरीकडे एकवार निरखून पाहिले, आणि चित्रातल्या डाव्या कानाखाली चट्टा काढायला सुरुवात केली. जिवंत माणसाकडे पाहून ते रंगवत आहेत, असे मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. चट्टा मानेपर्यंत उतरला.

"हे काय काढलं, सर?" आईने विचारले.

"भाजलंय."

"कुणाला?"

"तुमच्या मुलाला."

ती चटकन उठली. पदराचे टोक ओठांत ओले करून, पोराच्या तोंडावरची माती पुसतात तशी ती तो रंग पुसू लागली. तो निघेना. उलट मानेवर, शर्टावर, गालावर लाल पसरत गेला. चित्रातला चेहरा शांतच होता. सगळी मान भाजून निघाली तरी तो तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहत राहिला.

"माझ्या घरात ह्याला भाजलं न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "इतं मी भाजू दिलं असतं का?"

तिचा हात थांबला. पदराला लागलेल्या लाल रंगाकडे ती पाहत राहिली. मग तशीच दारापर्यंत गेली आणि ओसरीवर त्या माणसापुढे उभी राहिली. हनुवटीला धरून तिने त्याचे तोंड उजेडाकडे वळवले, आणि कानाखालच्या चट्ट्यावर बोट ठेवले.

"कवा भाजलं रे?"

"लई वर्सं झाली, आई. भट्टीवर."

"हळद लावली व्हती का कुणी?"

"न्हाई."

ती स्वयंपाकघरात गेली, वाटीत हळद कालवून आणली, आणि केव्हाच भरून आलेल्या त्या जखमेवर जाड लेप देऊ लागली. तो लहान मुलासारखा मान वाकडी करून बसला होता आणि त्याचे खांदे हुंदक्यांनी हलत होते.

सरांनी कुंचला खाली ठेवून हळू आवाजात विचारले, की चित्र खराब झाले आहे, नीट करून देऊ का?

"राहू द्या तसंच," ती हळद लावता लावता म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. आत पाटावरच्या चित्राकडे मान न वळवताच तिने सांगितले, "त्याला आता वाढवू नका, सर. त्यो एवढाच व्हता."